न लिहिलेला अंक

मराठी रंगभूमीला म्हातारी माणसे फार मानवतात. तरुण नायक-नायिका शेकड्यांनी आल्या आणि पडद्याआड गेल्या. पण प्रेक्षकांच्या मनात ठाण मांडून बसली ती बहुधा पिकल्या केसांची मंडळी. ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) मधले काकाजी, ‘नटसम्राट’ (१९७०) मधले गणपतराव बेलवलकर आणि त्यांची ‘सरकार’ कावेरी, ‘संध्याछाया’तले नाना आणि नानी, ही सारी आता आपल्या घरचीच झाली आहेत. दिवाळीला कुटुंब एकत्र जमले, फराळाच्या ताटल्या रिकाम्या झाल्या आणि गप्पा नाटकांवर आल्या, की ह्यांपैकी कोणाचे तरी नाव निघतेच. आणि गणपतरावांचे नाव निघाले, की घरातले एखादे वडीलधारे माणूस एकाएकी गप्प होते.

ह्या गप्प होण्याविषयी मला लिहायचे आहे. आईला किंवा वडिलांना आता एकटे ठेवता येत नाही, घरात दिवसभर कोणी नसते. तर त्यांनी कोठे राहावे, आणि ते कोणी ठरवावे? हा प्रश्न आज कितीतरी घरांत स्वयंपाकघराचे दार लोटून, हलक्या आवाजात बोलला जातो. ज्याच्याविषयी बोलायचे तो बाहेर वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो, आणि त्याला सारे ऐकू येत असते. माझी तक्रार अशी आहे की, म्हातारपणावर एवढे लिहिणार्‍या आपल्या नाटकांनी आणि चित्रपटांनी हा प्रश्न सोडवला नाही एवढेच नव्हे, तर तो विचारणेच अवघड करून ठेवले आहे.

मी काही टीकाकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. शाळेत मुलांना शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबर्‍या लिहिते. एका धंद्यात कथानकाच्या गाठी मारायच्या आणि दुसर्‍यात पगार घेऊन परक्यांची मुले सांभाळायची. प्रस्तुत विषयाशी ह्या दोन्ही धंद्यांचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

प्रथम ‘नटसम्राट’कडे वळू. वि. वा. शिरवाडकरांच्या ह्या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. गणपतराव साकारले ते डॉ. श्रीराम लागूंनी. १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कथानक सर्वांना ठाऊक आहे. निवृत्त झालेला थोर नट आपली मिळकत मुलांना वाटून टाकतो. मग मुलाच्या घरी त्याचे ओझे होते, मुलीच्या घरी त्याच्यावर चोरीचा आळ येतो, आणि तो पत्नीसह घराबाहेर पडतो. घरासाठी त्याने केलेली याचना हे मराठी रंगभूमीवरचे एक लेणे आहे, ह्यात शंका नाही.

पण एक कादंबरीकार म्हणून मी हे नाटक पुन्हा वाचते तेव्हा माझे लक्ष त्या याचनेवर जात नाही. ते आरंभीच्या वाटणीवर जाते. गणपतराव सारे काही देऊन टाकतात. मात्र आपण दोघे राहणार कोठे, कोणत्या खोलीत, कोणाच्या वेळापत्रकाने, हे ते ठरवत नाहीत. कावेरीला तर कोणी विचारतही नाही. म्हणजे शोकांतिकेचे मूळ मुलांच्या कृतघ्नपणात जितके आहे, तितकेच ह्या न घेतलेल्या निर्णयात आहे. पुढचे सगळे निर्णय दुसरे लोक घेतात. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा आणि ज्येष्ठांच्या कल्याणाचा कायदा झाला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडली तर परत मिळवण्याची सोय त्याच्या २३ व्या कलमात आहे. पण त्या कलमाचा आधार ती अट हाच आहे, आणि गणपतराव अट घालणारे गृहस्थ नव्हेत. आजच्या न्यायाधिकरणापुढेही त्यांचा अर्ज लंगडाच पडला असता.

शिरवाडकर मोठे लेखक असल्यामुळे त्यांनी दुसरी बाजू अगदीच बुजवलेली नाही. आयुष्यभर टाळ्यांच्या गजरात जगलेला, मोठ्याने बोलणारा, शिव्यांचा संकोच नसलेला सासरा घरात असला, तर लहान मूल असलेल्या सुनेला काय वाटेल, ह्याची जाणीव नाटकात आहे. पण प्रेक्षक ती घरी नेत नाही. तो घरी नेतो ती याचना, आणि त्याबरोबर एक सोपा हिशेब: घर म्हणजे माया, घराबाहेर म्हणजे वनवास. वृद्धाश्रम हा शब्द ह्या नाटकाने आपल्याला दिला नाही. पण त्या शब्दाला जो काळा रंग चढला आहे, त्यातला बराचसा ह्याच नाटकाच्या डब्यातला आहे.

हा हिशेब किती अपुरा आहे, हे मराठीतल्याच दुसर्‍या नाटकाने दाखवले होते. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मध्ये नाना-नानींना कोणी घराबाहेर काढत नाही. घर त्यांचे स्वतःचे आहे. मुलेही दुष्ट नाहीत. एक अमेरिकेत संसाराला लागला आहे, दुसरा हवाई दलात होता आणि त्याला मृत्यूने नेले आहे. तरीही ते घरच त्यांना खायला उठते, आणि शेवटी दोघे मिळून जीवनाचा निरोप घेतात. गणपतरावांना घर हवे होते. नाना-नानींपाशी घर होते. दोन्ही नाटके शेजारी ठेवून वाचली म्हणजे दिसते की प्रश्न नुसत्या छपराचा नाही. परंतु दळवीही एका जागी थांबतात. एकटेपणा आणि मरण ह्यांच्या मधे एखादी तिसरी वाट असू शकेल, चार समवयस्कांत जाऊन राहावे असे नानींच्या मनात येऊ शकेल, ही शक्यता त्या नाटकाच्या हवेतच नाही.

ही शक्यता आपल्या परंपरेला अपरिचित होती असेही नाही. सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाकडे निघावे असे मनुस्मृती सांगते. वानप्रस्थ ही शिक्षा नव्हे; तो म्हातार्‍या माणसाने स्वतः उचललेला पाय आहे. पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे, हेही तिथे पतीनेच ठरवायचे आहे. कावेरीला न विचारण्याची चाल फार जुनी आहे म्हणायची!

‘नटसम्राट’ ज्याची सारखी आठवण करून देतो, त्या शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’कडे ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे मौज वाटते. सुमारे १६०५-०६ मधले हे नाटक. पण त्यातला एक प्रवेश आजच्या कोणत्याही घरातला वाटावा. लिअरने राज्य देताना अट घातली आहे: आळीपाळीने एकेक महिना दोघी मुलींकडे राहीन आणि माझ्या तैनातीला शंभर सरदार असतील. मग मुली घासाघीस सुरू करतात. शंभर कशाला, पन्नास पुरेत. पन्नास तरी कशाला, पंचवीस. दहा. पाच. एक तरी कशाला? मुलींचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. घरात शंभर माणसे पोसायची म्हणजे थट्टा नव्हे. पण लिअरला कळून चुकते की ही माणसांची मोजणी नाही, ही त्याची स्वतःची मोजणी चालली आहे. माणसाला नुसते गरजेपुरते ठेवले, तर तो माणूस उरतो का, हा त्या प्रवेशाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे मला माझ्या मावशीमुळे कळले. मला लहानाची मोठी केली तिने. तिला मूलबाळ नाही. एकोणऐंशीव्या वर्षी ती न्हाणीघरात घसरून पडली आणि त्यातून उठल्यावर तिनेच विषय काढला: “मी पुन्हा पडले तर तुला कळणार कसं गं? बघू या कुठं सोय होते का.” दोन रविवारांत आम्ही तीन ठिकाणे पाहिली. पहिली इमारत झकास होती. बाग, गरम पाण्याची सोय, फरशी अशी की तोंड दिसावे. मावशीने व्यवस्थापकांना एकच विचारले, “मला पहाटे चारला जाग येते. माझा चहा मला करून घेता येईल का?” ते गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, “आजींना सांगा, चहा साडेसहाला मिळतो.” मावशी त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती, आणि तिला उत्तम ऐकू येते. शंभर सरदारांची घासाघीस तिथे एका कपावर आली होती.

दुसर्‍या ठिकाणी माणसे बोलकी, पैसेही कमी. पण नियमांच्या कागदावर लिहिले होते की, राहणारी व्यक्ती अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी तिला घरी न्यावे. मावशीने चष्मा पुसून ते वाचले आणि म्हणाली, “म्हणजे गरज लागेपर्यंतच ठेवणार.” तिसर्‍या जागी आम्ही मुद्दाम न कळवता, जेवणाच्या वेळी गेलो. भिंतीचे पोपडे निघालेले. पण एक सेविका एका आजोबांना नावाने हाक मारून रागावत होती आणि आजोबा तिला उलट रागावत होते. कोपर्‍यात सर्वांसाठी एक शेगडी होती. अनामत किती, परत किती मिळते, रात्री कोण जागे असते, डॉक्टर किती दूर, विस्मरण होऊ लागले तर काय, हे सारे मावशीनेच विचारले, आणि उत्तरे तिच्याकडे पाहून मिळाली. महिनाभर राहून पाहण्याची सवलत होती. ती राहिली, आणि मग अर्ज तिने स्वतः भरला. आमटी पातळ असते ही तिची तक्रार अजून चालू आहे.

ह्या तीन भेटींत नाट्य किती होते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तरीही असा एकही प्रवेश आपल्या रंगभूमीवर मला आठवत नाही. आपल्याकडे म्हातार्‍या माणसाला टाकतात, धाडतात, काढतात. ते माणूस स्वतः जाऊन जागा पाहते, प्रश्न विचारते, नाक मुरडते, असे कधी घडत नाही. कर्ता नसलेल्या वाक्यासारखी ही नाटके आहेत.

परदेशी चित्रपटांतही ह्या प्रवेशापर्यंत क्वचितच कोणी पोहोचले आहे. १९३७ साली लिओ मकॅरी ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘मेक वे फॉर टुमॉरो’ काढला. बँकेने घर घेतल्यावर वृद्ध जोडप्याची मुलांत वाटणी होते. आई एका मुलाकडे, वडील एका मुलीकडे. आपल्या ‘बागबान’मध्ये (२००३) हीच वाटणी दिसते. पण ‘बागबान’मध्ये बापाचे पुस्तक गाजते, पैसा परत येतो, मुलांची फजिती होते आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात. कोठे राहावे ह्या प्रश्नाला ‘पुन्हा श्रीमंत व्हावे’ हे काही उत्तर नव्हे. मकॅरी असा पळ काढत नाही. त्याच्या चित्रपटात आईच्या नजरेला वृद्धाश्रमाचे पत्र पडते. मुलगा ती गोष्ट सांगायला येतो, त्याची जीभ अडखळते. आणि आई त्याच्या आधी स्वतःच म्हणते की मला तिथे जाऊन राहायचे आहे. तिने निवड केली असे तिने दाखवले. निवड तिची नव्हतीच. मुलाची लाज राखण्यासाठी आई खोटे बोलते. कोणी कोणावर ओरडत नाही, कोणाला शाप मिळत नाही, आणि तरी तो प्रवेश पाहताना मला ‘नटसम्राट’हून जास्त अपराधी वाटले. कारण गणपतरावांच्या मुलांहून मी बरी, असे म्हणण्याची सोय असते. इथे ती नाही.

मराठीत ह्या खोलीच्या जवळ पोहोचलेली कृती म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट. तो २०१३ सालचा. त्यातल्या भूमिकेसाठी अमृता सुभाष ह्यांना आणि संवादांसाठी सुमित्रा भाव्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डॉ. मोहन आगाशे ह्यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री विस्मरणाच्या आजाराने हळूहळू स्वतःपासूनच दूर चालले आहेत. मुलीच्या गाडीतून उतरून ते एका हत्तीच्या मागे निघून जातात, आणि हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. ह्या चित्रपटाने मुलीला खलनायिका केले नाही, हा त्याचा मोठेपणा. तिचे प्रेम खरे आहे, तिचे थकणेही खरे आहे, आणि ही दोन्ही सत्ये एका घरात कशी नांदत नाहीत, हे तो दाखवतो.

पण इथेच मला एक जुनी खोड दिसते. गणपतरावांना शेवटी आधार देतो तो एक बूटपॉलिशवाला पोरगा. शास्त्रीबुवांना आधार देते ती चन्नम्मा. जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) पोटच्या मुलांपेक्षा विधवा सूनच म्हातार्‍यांना जपते. म्हणजे रक्ताच्या नात्याबाहेरचे माणूस म्हातार्‍याला मायेने सांभाळू शकते, हे आमच्या सर्व लेखकांना मान्य आहे. एवढेच नव्हे, त्यावर त्यांची भिस्त आहे. अट एकच: त्या परक्या माणसाने पैसे घेता कामा नयेत. फुकट सांभाळले की देवमाणूस. पगार घेऊन सांभाळले की संस्था, कोरडी भिंत, वनवास!

हे मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण माझी शाळा. रोज सकाळी चाळीस मुले मी सांभाळते, ती पगार घेऊन. कोणाच्या नाकाचा घोळणा फुटला तर डोक्यावर पाणी धरते, कोणी डबा विसरले तर माझ्यातला देते. पगार घेऊन केलेली माया खोटी, असे मी मानले तर उद्यापासून मला वर्गात पाऊल टाकता येणार नाही. मूल शाळेत घातले म्हणजे आईबापांनी ते टाकले, असे आपण म्हणत नाही. शाळा चांगली आहे का, मास्तर मारतात का, पाण्याची सोय आहे का, हे मात्र कसून पाहतो. दहा जणांना विचारतो. आईच्या जागेविषयी आपण कोणालाच विचारत नाही, कारण विचारले तर कळेल. मग तिची निवड होते ती घाईत, रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी, कोणाच्या तरी ओळखीने, आणि तिला न नेता. लाजेपोटी केलेली निवड वाईट निघते, आणि वाईट निघाली की नाटक खरे ठरते. आमच्या साहित्याने निर्माण केलेली लाज म्हातार्‍यांचे रक्षण करत नाही. ती त्यांना वाईट जागी पोचवते. माझा सारा आक्षेप तो हाच.

मुले आईबापांना टाकतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. टाकतात, म्हणून तर २००७ च्या कायद्यात त्याला तीन महिन्यांपर्यंतची कैद सांगितली आहे. १९९५ साली राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली तीही निराधारांचे हाल दिसत होते म्हणूनच. वृद्धाश्रम सगळे चांगले असेही नाही. आम्ही पाहिलेल्या तिनांपैकी दोन मावशीने नाकारले. घरीच राहावे असे ज्याला वाटते आणि ज्याच्या घरच्यांना ते झेपते, त्याने घरीच राहावे. ह्याहून चांगले काय? पण ‘झेपते’ ह्या शब्दाखाली घरातली कोणती बाई रात्र-रात्र जागते, हेही नाटकाने एकदा दाखवावे. आपल्या नाटकांत ही बाई बहुधा कजाग सून म्हणूनच प्रवेश करते.

तेव्हा आमच्या नाटककार मित्रांकडे माझी मागणी आहे ती एका न लिहिलेल्या अंकाची. त्यात स्वयंपाकघराचे दार उघडे असेल. मुलगा गप्प बसणार नाही, सून खलनायिका असणार नाही, आणि टेबलावर अनामत रकमेचा, दरमहाच्या खर्चाचा कागद सर्वांसमोर पडलेला असेल. त्यात वृद्धाश्रमातली सेविकाही असेल. आपण तिला ‘मावशी’ म्हणून हाक मारतो आणि तिचे नाव विचारत नाही. दुसर्‍यांच्या आईला भरवणार्‍या ह्या बाईची स्वतःची आई गावाकडे कोणाच्या भरवशावर आहे, हे कोणीतरी तिला विचारील, आणि त्या उत्तराने नाटक एका कुटुंबापुरते राहणार नाही. शेवट सुखाचा असावा असा माझा हट्ट नाही. आई नको म्हणेल, वडील रुसतील, निवडलेली जागा फसेल. शोकांतिकेला तिथेही पुष्कळ जागा आहे.

तोवर हा अंक आपल्यालाच, घरोघर, संहितेवाचून करावा लागणार आहे. दिवाळीत सगळे जमतात, तेव्हा तो करायला सवडही असते. त्याचे दिग्दर्शन कोणी करावे, प्रवेश कोणत्या खोलीत व्हावा, ह्याबद्दल मतभेद होवोत. पहिले वाक्य मात्र म्हातार्‍या माणसाच्या तोंडी असावे, आणि ते पुरे होईपर्यंत इतर पात्रांनी ऐकावे.